उड्डाण की उडी?

विचारणा अशी : फ्रान्सच्या क्लेमां आदेर यांनी ९ ऑक्टोबर १८९० रोजी वाफेच्या इंजिनावर 'एओल' हे यंत्र जमिनीवरून उचलले, त्याला 'पहिले उड्डाण' म्हणावे का? आणि 'उड्डाण' बरोबर की 'उड्डयन'?

दुसरे आधी. संस्कृतात उड्डयन, मराठीत उड्डाण. उगाच उड्डयनाचा हट्ट नको. 'उद्' हा उपसर्ग आणि 'डी' हा उडण्याचा धातू, एवढेच मूळ.

पण या 'डी'ची खरी श्रीमंती कर्णपर्वात आहे. शल्य कर्णाला हंस-कावळ्याची गोष्ट सांगतो. मला उडण्याच्या एकशे एक तऱ्हा येतात, अशी बढाई मारत कावळा नावे घडाघडा म्हणतो : उड्डीन, अवडीन, प्रडीन, निडीन, संडीन... सगळी एकाच धातूची लेकरे, उपसर्ग तेवढे निराळे. हंसाला एकच तऱ्हा येते, सगळे पक्षी उडतात ती. दोघे समुद्रावर निघतात. कावळा दमतो, त्याचे पंख आणि चोच पुन्हा पुन्हा पाण्याला लागतात, तेव्हा हंस विचारतो : आत्ता चालले आहे त्या उड्डाणाचे नाव काय? पहिल्या विमानाच्या वादात प्रत्येक दावेदाराला हाच प्रश्न विचारला पाहिजे!

उडी हीदेखील 'डी'चीच. जुने कवी मारुतीच्या समुद्रलंघनाला 'उड्डाण' म्हणतात, बोलण्यात तीच 'हनुमान उडी'. म्हणून काही कोशांत दोन्ही शब्द एकाच अर्थाखाली टाकलेले दिसतात. मला हे अजिबात मान्य नाही. आजच्या मराठीत जोर संपला की उडी संपते. उड्डाण हवेच्या आधाराने चालू राहते आणि उडणाऱ्याच्या ताब्यात असते. चाके जमिनीपासून सुटली की लगेच 'उड्डाण' लिहिणाऱ्यांनी हा भेद पार पुसून टाकला आहे.

'एओल' सुमारे ५० मीटर गेले, तेही जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवरून आणि ताब्यात न राहता. ती उडी. अमेरिकेत किटी हॉकजवळ १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिल राइट १२ सेकंदांत १२० फूट गेले. एवढ्यावर कोणी शंका घेतली तर समजू शकतो. पण त्याच दिवशी चौथ्या खेपेस त्यांचे बंधू विल्बर ५९ सेकंद हवेत राहून ८५२ फूट गेले. ते उड्डाणच.

राइट बंधूंचे विमान 'फेकले' गेले होते, म्हणून ब्राझीलचे विमानकार सांतोस-द्युमाँ पहिले, असे ठणकावून सांगणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. वजन खाली सोडून विमान पुढे ओढण्याची युक्ती १९०४ची. १९०३मध्ये होता तो रूळ आणि समोरचा वारा. सांतोस-द्युमाँ यांचे '१४-बिस' पॅरिसच्या बागातेल मैदानावर २३ ऑक्टोबर १९०६ला स्वतःच्या चाकांवरून उठले आणि सुमारे ६० मीटर गेले, १२ नोव्हेंबरला २२० मीटर. यातल्या दुसऱ्या, नोव्हेंबरच्या खेपेला मी निःशंक उड्डाण म्हणेन. जगातले पहिले उड्डाण मात्र नाही.