आयरिश पूर्वज शोधताना आधी पॅरिश पक्की करा

आडनावापासून सुरुवात करू नका. नुसतं 'काउंटी कॉर्क' (काउंटी म्हणजे जिल्हा) माहीत असून भागत नाही, पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर, कळायला हवी. ती बहुतेकदा स्थलांतरानंतरच्या कागदांत मिळते: चर्चमधली लग्ननोंद, मृत्युलेख, थडग्यावरचा मजकूर.

कॅथलिक पॅरिशच्या बाप्तिस्मा-लग्नांच्या नोंदवह्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून मोफत खुल्या केल्यात, साधारण १८८० पर्यंतच्या. सर्वांची सरकारी जन्मनोंद १८६४ ला सुरू झाली, म्हणून त्याआधीची मदार याच वह्यांवर.

स्पेलिंगवर अडून बसू नका! पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा. म्हणून:

- आडनावाआधीचे 'ओ' आणि 'मॅक' लावून व काढून, दोन्ही शोधा: रायली, रिली, ओरायली. इंग्रजी रूपही बघा. मॅकगोवनचे कुठे कुठे स्मिथ झालेत.
- पहिलं नाव लॅटिनमध्ये असू शकतं. याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम.

नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नाव जुळलं की तोच आपला माणूस धरणं. एका पॅरिशमध्ये, एकाच दशकात चार-चार जॉन मर्फी सापडतात. आईचं माहेरचं आडनाव आणि धर्मपालकांची (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्यांची) नावं जुळवा, भावंडांचे बाप्तिस्मेही काढा. धर्मपालक बहुधा नात्यातले किंवा शेजारचे असत, त्यामुळे तीच नावं पुन्हा पुन्हा दिसली की कुटुंब ओळखू येतं.