सीएनसी राउटरसाठी (संगणकाच्या सूचनांनुसार लाकूड कापणाऱ्या यंत्रासाठी) पहिलं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

आत्ताच पैसे घालू नका. आधी ठरवा, कापायचंय काय.

नावाच्या पाट्या, जाळीकाम असेल तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेखाटन करा, त्याची एसव्हीजी (रेषाचित्राची) फाइल फ्रीकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि तिथेच टूलपाथ, म्हणजे बिट (कापणारं पातं) ज्या वाटेने फिरेल ती वाट, काढा. दोन्ही फुकट. खाचा, भोकं, सांधे असलेले भाग थेट फ्रीकॅडमध्येच काढा. सुरुवातीला ते किचकट वाटेल, पण चिकाटी सोडू नका. ऑटोडेस्कच्या फ्यूजन या डिझाइन सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती शिकायला सोपी आहे, मात्र ती वैयक्तिक वापरापुरती; एका वेळी १० च फाइल संपादित करता येतात.

नवखे हमखास इथे अडकतात:

- पोस्ट-प्रोसेसर (टूलपाथचं तुमच्या यंत्राला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करणारा भाग): यंत्र चालवणारा कंट्रोलर जीआरबीएल प्रकारचा असेल तर पोस्ट-प्रोसेसरही जीआरबीएलचाच निवडा.
- एकक: मिमीऐवजी इंच निवडलं की माप २५.४ पट चुकतं.
- आतले कोपरे: ६ मिमीचा गोल बिट आतल्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई सोडतोच. स्क्रीनवर कोपरा काटकोनी दिसतो, लाकडात चौकोनी तुकडा बसत नाही. मग कोपऱ्यात बिट थोडा बाहेर न्या, किंवा पटाशीने साफ करा.

थ्रीडी कोरीवकाम सध्या राहू द्या. आधी सिम्युलेशन (स्क्रीनवर कापणीची नक्कल) बघा, मग पहिली फाइल थर्माकोलवर चालवा. बिट वाचेल. आणि हो, कंट्रोलर कोणता आहे ते कळवा, पोस्ट-प्रोसेसर मी सांगतो.