जेंटू लिनक्सवर पायथन ३.११ वरून ३.१२ वर जाताना इमर्ज (पॅकेजेस बसवणारी कमांड) अडलं. जुनं पायथन हाताने काढून टाकू का?

नको, काढू नका. इमर्ज स्वतःच पायथनवर चालतं. ते ज्या पायथनसाठी बांधलंय तेच उडवलंत तर दुरुस्तीचं हत्यारही हातातून गेलं.

नवं पायथन मशीनवर आलं म्हणून जुनी मॉड्यूल्स त्याच्याकडे जात नाहीत. प्रत्येक आवृत्तीचं साइट-पॅकेजेस फोल्डर वेगळं, त्यामुळे ती पॅकेजेस पुन्हा बांधावीच लागतात. एका पॅकेजला ३.११ हवं असेल तर ते ज्यांच्यावर अवलंबून आहे ती खालची सगळी साखळी ३.११ मागते. म्हणूनच तुम्हाला तो लाल अक्षरांचा ढीग दिसतोय.

आधी पॅकेज डॉट यूज मध्ये (पॅकेजनिहाय पर्याय जिथे लिहितो तिथे) 'पायथन' शोधा. १ जून २०२४ ला जेंटूने डिफॉल्ट ३.१२ केलं तेव्हा मी फोंड्यात अख्खी संध्याकाळ डोकं आपटलं. शेवटी सापडली कुठल्याशा पॅकेजसाठी मीच लिहिलेली एक ओळ. ती पुसली आणि गाडी सुटली.

तरीही अडलं तर टप्प्याटप्प्याने जा. पायथन टार्गेट्समध्ये (पॅकेजेस कोणकोणत्या आवृत्त्यांसाठी बांधायची ती यादी) ३.११ आणि ३.१२ दोन्ही ठेवा, सिंगल टार्गेट (एकाच आवृत्तीवर चालणाऱ्या पॅकेजेससाठीची निवड) जुनंच. चेंज्ड-यूज आणि डीप हे पर्याय लावून वर्ल्ड (म्हणजे अख्खी सिस्टिम) अपडेट करा. मग सिंगल टार्गेट ३.१२ करा, पुन्हा वर्ल्ड. त्यानंतर टार्गेट्समधून ३.११ काढा, परत वर्ल्ड, आणि डेपक्लीन (आता नको असलेली पॅकेजेस काढणं) अगदी शेवटी. ३.१२ मधून डिस्टयूटिल्स (पॅकेजेस बांधायचं जुनं मॉड्यूल) काढल्यामुळे काही जुनी पॅकेजेस मागे राहिली. तसलं एखादं अडलं तर तेवढ्यापुरतं ३.११ ठेवा. नाहीतर ते पॅकेजच सरळ काढून टाका, मी काढतो.

डिसेंबर २०२३ पासून जेंटूच्या तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस) मिळतात, पण दोन्ही टार्गेट्स चालू असेपर्यंत बऱ्याचशा जुळत नाहीत. म्हणजे घरीच कंपाइल. आणि आपल्याकडे जूनमध्ये लाइनवर माडाचं चुडत पडलं की वीज गेलीच! माझा इन्व्हर्टर लिब्रेऑफिस अर्ध्यावर असताना बसला. इमर्ज रिझ्यूम केलं की उरलेली यादी पुढे सरकते, पण मध्येच तुटलेलं पॅकेज पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून लिब्रेऑफिस आता मी अपडेटमधून एक्सक्लूड करतो (वगळतो) आणि सकाळी वेगळं लावतो.

हो, आणि तुमची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स (एकेका प्रोजेक्टपुरती वेगळी पायथन फोल्डर्स) इमर्ज बघत नाही. डेपक्लीननंतर ती नव्याने बनवा.