वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवताना

प्रश्न : माझ्याकडे १९६६ सालची फोर्ड मस्टँग आहे. इंजिन २८९ घनइंची व्ही-८ असून चारही चाकांना मूळचे ड्रम ब्रेक आहेत. जोरात ब्रेक लावला की गाडी उजवीकडे ओढते, आणि डोंगराळ रस्त्यावर लागोपाठ तीन-चार वेळा ब्रेक लावल्यावर पॅडल दाबूनही गाडी पुरेशी थांबत नाही. बाजारात पुढच्या चाकांसाठी रोटर (चाकाबरोबर फिरणारी तबकडी), कॅलिपर (तबकडीवर पॅड दाबणारा भाग), होज (ब्रेक ऑइलची लवचीक नळी), दुहेरी मास्टर सिलिंडर (पॅडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा भाग) आणि मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असा तयार संच मिळतो. तो घरच्या गॅरेजमध्ये बसवता येईल का? सोबत बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पॅडल हलके करणारे साधन) ही घ्यावा का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय संचाची मागणी नोंदवू नये. गाडी एका बाजूला ओढण्याचे कारण बहुधा देखभालीत सापडते : एखादा व्हील सिलिंडर (चाकातील, शू ड्रमवर दाबणारा भाग) गळून शूच्या लायनिंगला, म्हणजे घासणाऱ्या अस्तराला, ब्रेक ऑइल लागलेले असते, एखादा रबरी होज आतून सुजून अरुंद झालेला असतो, किंवा दोन्ही बाजूंचे शू सारखे जुळवलेले नसतात. पुढचे सस्पेन्शन सैल असेल, तर नवी डिस्क बसवल्यावरही गाडी ओढतच राहील. वारंवार ब्रेक लावल्यावर जोर ओसरणे हा मात्र ड्रमचा अंगचा दोष आहे. माणसांसह सुमारे १,४०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवताना साधारण ५४० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते, आणि ताशी ५० वरून थांबवताना तिचा फक्त चौथा हिस्सा. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनिंगची पकडही घटते आणि ही उष्णता बंद ड्रममधून लवकर बाहेर पडत नाही. डिस्क उघड्या हवेत फिरते, म्हणून ती लवकर निवते. असे असले तरी थंड ब्रेकने एकदाच थांबताना लागणारे अंतर मुख्यतः टायरच्या पकडीवर ठरते. जाहिरातींत डिस्कमुळे हे अंतर निम्मे होते असे सुचवलेले असते, तिकडे दुर्लक्ष करावे.

माझ्या मते संचातील सर्वांत मोलाची वस्तू रोटर नसून दुहेरी सर्किटचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकना ऑइलचा वेगळा मार्ग देणारा, मास्टर सिलिंडर आहे. आपल्या गाडीत एकच सर्किट असल्यामुळे एक होज फुटला तरी चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. फोर्डने १९६७ च्या मॉडेलपासून दुहेरी मास्टर सिलिंडर दिला. खर्च टप्प्याटप्प्याने करायचा असेल, तर ड्रम तसेच ठेवून आधी हा बदल करावा, मात्र त्यासाठी चारही ड्रमसाठी बनवलेलाच दुहेरी सिलिंडर घ्यावा.

संच निवडताना तो मूळच्या स्पिंडलवर (चाक ज्यावर फिरते तो भाग) बसतो की स्पिंडल बदलावा लागतो, हे आधी पाहावे. १९७५ ते १९८० या काळातील फोर्ड ग्रॅनाडाचे स्पिंडल मस्टँगला लावण्याची पद्धत तिकडे जुनी आहे, पण त्यात टाय रॉडच्या (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकाचे जुळणे पाहावे लागते आणि खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग आपोआप किंचित वळण्याची तक्रार काही जण करतात. मूळ स्पिंडलवर बसणारा संच घेतल्यास स्प्रिंगला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे. मस्टँगमध्ये कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर टेकलेली असते. स्पिंडल सोडवताना ती नीट आवळून किंवा अडवून धरली नाही, तर सुटून जिवावर बेतू शकते. काही रोटर चाकाला थोडे बाहेर ढकलतात, त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो का, आणि १४ इंची रिम कॅलिपरला लागते का, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे.

घरी काम करणे शक्य आहे, पण गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावी. जुन्या शूंच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती हवेच्या झोताने उडवू नये. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी. कॅलिपर लावताना हवा काढण्याचा स्क्रू वरच्या टोकाला यायला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की स्क्रू खाली जातो, आतली हवा कधीच बाहेर पडत नाही, आणि मग कितीही ऑइल सोडले तरी पॅडल स्पंजासारखेच लागते. व्हील बेअरिंगमध्ये ग्रीस हाताने दाबून भरावे, रोटर फिरवत नट आवळावा, मग सैल करून हलकाच टेकवावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. त्यानंतर रोटरची डगमग डायल गेजने मोजावी. ती ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त आली, तर पॅडलला धडधड जाणवते.

खरी गफलत होते ती हायड्रॉलिक भागात. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी बहुधा एक लहान व्हॉल्व्ह असतो, जो पाइपमध्ये सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब कायम राखतो. तोच दाब डिस्कच्या पाइपमध्ये राहिला तर पॅड रोटरला घासत राहतात आणि थोड्याच अंतरात चाक भाजेल इतके तापते. म्हणून डिस्कच्या बाजूला हा व्हॉल्व्ह नसावा, मागच्या ड्रमच्या बाजूला मात्र तो राहू द्यावा. ज्या गाड्यांत मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली, फरशीजवळ असतो, तेथे २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावतात. मस्टँगला त्याची गरज नाही. पुशरॉड (पॅडलचा जोर पोचवणारा दांडा) व मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमध्ये थोडीशी मोकळीक ठेवावी. ती नसेल तर परतीचे बारीक छिद्र झाकलेले राहते, ब्रेक तापल्यावर वाढलेले ऑइल टाकीकडे परतू शकत नाही, आणि ब्रेक आपोआप धरतो.

आता बूस्टरचा प्रश्न. आपल्या ड्रम ब्रेकमध्ये फिरता ड्रम शूला आपल्याबरोबर ओढतो, त्यामुळे शू आपसूकच अधिक दाबला जातो. डिस्कमध्ये ही मदत नसते, म्हणून पॅडल जड लागते. १ इंच व्यासाऐवजी १५/१६ इंच व्यासाचा सिलिंडर वापरल्यास तेवढ्याच जोरात सुमारे १४ टक्के अधिक दाब मिळतो, मात्र पॅडलचा प्रवास थोडा वाढतो. माझा कल आधी बूस्टरशिवाय एवढ्यावर चालवून पाहण्याकडे आहे. पुढे बूस्टर घ्यावासा वाटला, तर इंजिनचा व्हॅक्यूम मोजून घ्यावा, कारण तेज कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवलेल्या इंजिनात तो अपुरा पडतो.

मास्टर सिलिंडरमधली हवा टेबलावरच काढून घ्यावी. मग गाडीत उजवे मागचे, डावे मागचे, उजवे पुढचे आणि शेवटी डावे पुढचे चाक असा क्रम ठेवावा. सिलिकॉनचे डॉट ५ ऑइल डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नये. पाइप फ्लेअर करायचे, म्हणजे जोडणीसाठी त्यांचे तोंड पसरवायचे असेल, तर दुहेरी फ्लेअरच करावेत. निव्वळ तांब्याची नळी वापरू नये. पहिली चाचणी मोकळ्या कोरड्या जागेत, कमी वेगात घ्यावी. मागचा दाब अगदी कमी ठेवून सुरुवात करावी आणि हळूहळू वाढवावा, पण जोराने ब्रेक लावल्यावर मागची चाके पुढच्यांच्या आधी कधीही लॉक होता कामा नयेत, कारण तसे झाल्यास गाडी गरकन फिरते. शेवटी नवे पॅड बसवून घेण्यासाठी ताशी ५० वरून १० किलोमीटरपर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करावा आणि मग ब्रेक न धरता गाडी चालवत निवू द्यावी.

प्रश्न : माझी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. गॅरेजवाले म्हणतात की मारुती ८०० ची डिस्क बसवून देतो. बसवावी का, आणि आरटीओची अडचण येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मस्टँगसारखा पद्धतशीर संच पद्मिनीसाठी सहज मिळत नाही, त्यामुळे इथे काम जुळवाजुळवीचे होते आणि जोखीम तिथेच वाढते. ज्या फियाट ११०० डी पासून ही गाडी आली, तिच्या इटलीतील पुढच्या भावंडाला, म्हणजे ११०० आर ला, १९६६ मध्येच पुढे डिस्क मिळाली; कुर्ल्याच्या कारखान्यात मात्र ड्रमच चालू राहिले. पद्मिनीच्या चाकाचे चार बोल्ट ९८ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, तर मारुती ८०० चे ११४.३ वर. त्यामुळे हबला नवी भोके पाडणे किंवा अडॅप्टर लावणे आले. कॅलिपरचा ब्रॅकेट मूळ स्टब ॲक्सलला (पुढचे चाक ज्यावर फिरते तो भाग) वेल्ड करतो, असे कोणी म्हणाले तर तिथूनच परत फिरावे. घडीव पोलादावर असे वेल्डिंग केले की तो भाग ठिसूळ होऊन तडकू शकतो. ब्रॅकेट बोल्टने बसणारा आणि जाड पोलादाचा हवा. कॅलिपरचे पिस्टन व्हील सिलिंडरपेक्षा बरेच मोठे असतात आणि त्यांना ऑइलही जास्त लागते, म्हणून जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर पॅडल खोल जाते.

माझे मत विचारलेत तर, शहरात आणि ताशी ६०-७० पर्यंत चालणाऱ्या, ९०० किलोंच्या आसपास वजन असलेल्या या गाडीला लेथवर गोल करून घेतलेले ड्रम, नवे व्हील सिलिंडर, नवे होज आणि नीट जुळवलेले शू पुरतात. आठवड्याला कसारा घाट उतरायचा असेल तर डिस्कचा विचार जरूर करावा.

कायद्याबद्दल सांगायचे तर, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले आहे. प्रमाणपत्रावर ब्रेकचा प्रकार लिहिलेला नसतो, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणात निरीक्षक ब्रेक तपासतो, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते. म्हणून आरटीओकडून आधी लेखी मत घ्यावे आणि विमा कंपनीला पत्राने कळवावे. २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. आपल्या गाडीला त्यासाठी अजून अवकाश आहे, तरीही काढलेले ड्रम, शू आणि बॅकप्लेट (ड्रममागची, शू बसवलेली पाटी) ग्रीस लावून जपून ठेवावेत.