सिगारेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं? थांबा, व्हेप (ई-सिगारेट) घेऊ नका

तीन आठवडे सिगारेट बंद, ब्रश करताना रक्त, सकाळी कफ, आणि ‘त्यापेक्षा व्हेप बरा का?’ हा प्रश्न. तुमचं लिहिणं वाचून बेसिनपाशी घाबरून उभा असलेला मीच मला दिसलो. मी त्याच टप्प्यावर व्हेप धरला. काही दिवसांत रक्त थांबलं आणि मी खूश! त्या खुशीपायी दोन दाढा गेल्या.

सिगारेटमधल्या, आणि माझ्या व्हेपमधल्याही, निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आत हिरड्यांचा रोग वाढत असतो, पण रक्त दिसत नाही. सिगारेट सुटली की रक्तपुरवठा सुधारतो आणि लपलेलं बाहेर येतं. तुमचं रक्त बहुधा तेच असावं. (मी डॉक्टर नाही, तपासून घ्याच.)

मला राग आहे तो एका दवाखान्यावर. दोन वर्षं तिथे दात साफ करून घेतले, दर वेळी ‘रक्त नाही, हिरड्या मस्त’. सिगारेट ओढता का, हे कुणी विचारलं नाही; हिरडी आणि दातामधली खोली एकदाही मोजली नाही. त्या फटीत ऑक्सिजन नको असलेले जिवाणू, पॉर्फिरोमोनास, फ्युसोबॅक्टेरियम वगैरे, धुरामुळे माजतात. माझ्याकडे ते सुखाने नांदत होते.

व्हेपमध्ये धूर नाही म्हणून जिवाणू सुधारतात असं नाही. त्यातल्या प्रॉपिलिन ग्लायकॉलने आणि ग्लिसरीनने तोंड कोरडं पडतं, आणि लाळ कमी म्हणजे पहारा कमी. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात व्हेप ओढणाऱ्या निरोगी तरुणांच्या हिरड्यांखालची जिवाणूंची वस्तीही हिरड्यांच्या रोग्यांसारखी दिसली होती.

कफाचं म्हणाल, तर तोंडातले जिवाणू झोपेत थोडे थोडे फुप्फुसात उतरतच असतात. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस ते वर ढकलतात. धुराने ते केस मंदावतात, सोडल्यावर पुन्हा कामाला लागतात. म्हणून सुरुवातीला कफ जास्त वाटू शकतो. कफात रक्त दिसलं, ताप आला किंवा धाप लागली, तर मात्र इथे विचारत बसू नका, छातीच्या डॉक्टरांकडे जा.

दातांच्या डॉक्टरांकडे गेलात की प्रत्येक दाताजवळची खोली मिलिमीटरमध्ये लिहून मागा. ३ पर्यंत सहसा ठीक. ५ च्या पुढे असेल तर नुसत्या वरवरच्या सफाईवर समाधान मानू नका. आणि क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश मनानेच महिनोन्‌महिने वापरू नका. दात तपकिरी होतात, माझे झाले होते.