नागपुरात ख्रिस्ती कुटुंबानं होमस्कूलच्या नव्या वर्षाची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पाचवीच्या वयाची, मुलगा दुसरीच्या, यंदापासून दोघांना घरीच शिकवायचं ठरलंय, तर बायबलवर आधारलेला अमेरिकन अभ्यासक्रमाचा पूर्ण सेट मागवू का. ताई, यंदा तरी नका मागवू. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका घरी तसा सेट आहे, मी चाळलाय. वचनं छान निवडलीत, पण गणितात डाइम आणि क्वार्टर ही अमेरिकन नाणी, मोजमाप इंचात, इतिहासात जहाजातून अमेरिकेत उतरलेली माणसं. आपल्या पोरांनी याचं काय करायचं?

बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात. भाषा, गणित, परिसर अभ्यास तिथून घ्या. सुरुवात जूनच्या शेवटी करा, उन्हापायी विदर्भातल्या शाळाही तेव्हाच उघडतात. मे महिन्यात कूलरसमोर बसवून भागाकार शिकवायच्या भानगडीत पडू नका, कोणाच्याच डोक्यात काही शिरत नाही.

पण त्याच्याही आधी नवराबायकोनं बसून परीक्षेचा रस्ता ठरवा, कारण सासरमाहेरचे पहिला प्रश्न हाच विचारणार. कायद्यात होमस्कूलला उघड परवानगी नाही आणि उघड बंदीही नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलांना शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय हे खरं, पण त्याच कायद्याच्या कलम 4 प्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे उद्या नाही जमलं तर परतीचं दार आहे. दहावीसाठी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेचं बोर्ड आहे, वयाची 14 पूर्ण लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि मराठी माध्यमही आहे. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायला आपल्या राज्य बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्मही आहेच. जन्मदाखला, आधार आणि शाळेतून नाव काढत असाल तर टीसी, सगळं एका फाइलीत लावून ठेवा.

आता सकाळचं सांगते. आमच्याकडे प्रार्थनेनंतर बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एक अध्याय होतो, 31 अध्याय आहेत त्यामुळे तारीख पाहायची आणि तोच उघडायचा, वेगळं टाइमटेबल लागत नाही. पाचवा आणि सातवा मी सरळ गाळते, दुसरीच्या पोराला व्यभिचारी बाई काय समजावणार बाप्पा! मग त्यातलंच एक वचन दुरेघी वहीत सुवाच्य उतरवायचं, जोडाक्षरांचा सराव आपोआप होतो. सहाव्या अध्यायात आळशाला मुंगीकडे पाठवलंय ना, त्या दिवशी आमचं पोट्टं सकाळभर ओट्याखाली मुंग्यांची रांगच बघून राहिलं होतं. एकीकडे साखर, एकीकडे शेवेचा तुकडा ठेवला आणि कशावर किती मुंग्या येतात ते वहीत लिहिलं. मी त्या दिवशी परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडलंच नाही.

विज्ञान आणि इतिहासासाठी तर नागपूर सोडून कुठं जायची गरज नाही. स्टीफन हिस्लॉप घ्या, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते. स्कॉटलंडहून 1845 मध्ये मिशनरी म्हणून इथं आले, शाळा काढली, आणि उरलेल्या वेळात नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म गोळा करत फिरले, गोंड लोकांवरही लिहून ठेवलं. श्रद्धा आणि विज्ञान एकत्र कसं राहतं हे पोरांना सांगायला याहून जवळचा माणूस नाही. त्यांची गोष्ट सांगून मग सीताबर्डीच्या टेकडीकडं बोट दाखवा आणि सांगा की ही लाव्हाची आहे, पोरं बघतच राहतात. अजब बंगला, म्हणजे आपलं संग्रहालय, आणि रामन सायन्स सेंटरला पावसाळ्यात जा. काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन माणसांनी रचलेली दगडांची वर्तुळं, मात्र थंडीसाठी ठेवा, उन्हात तिथं हाल होतात.

'मुलं माणसांत मिसळणार कशी' हे सगळे विचारतील. संडे स्कूल आहेच, पण फक्त मंडळीतलीच मुलं नकोत, कॉलनीतल्या पोरांसोबत संध्याकाळचं क्रिकेट चालू ठेवा, आणि जवळ तबला नाहीतर कराटेचा क्लास असेल तर तोही लावा. डिसेंबरात नाताळच्या प्रॅक्टिसमुळं अभ्यास तसाही मागे पडतो, म्हणून दुसऱ्या सत्राचे कठीण धडे जानेवारीपासून धरा. आणि सेट मागवायचाच असेल तर मुलगी सातवी-आठवीच्या वयाला आली की फक्त बायबल अभ्यासाचा भाग सुटा मिळतो का ते बघा.