हृदयाचंच काम करायचं होतं, तर नीट का दिली नाही?

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून नोकरी घेण्याऐवजी हृदय आणि रक्तवाहिन्यांवर संशोधन करायचं म्हणते. ते विचारतात, "मग नीटच का दिली नाही? ही तीन वर्षं वाया गेली का?"

सप्रेम नमस्कार.

मुळीच नाही. तिच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकातला पॉइझीयचा नियम तिला दाखवायला सांगा. हा पॉइझीय फ्रेंच डॉक्टर होता आणि बारीक वाहिन्यांतून रक्त कसं वाहतं, या ध्यासापायी तो काचेच्या नळ्यांवर प्रयोग करत बसला. त्याचा नियम सांगतो की दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो.

अँजिओग्राफीत रक्तवाहिनी किती अरुंद झाली ते दिसतं, पण त्यामुळे रक्त खरंच कमी पडतंय का, हे चित्रावरून दरवेळी कळत नाही. म्हणून डॉक्टर बारीक तार आत घालून अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतात. पलीकडच्या दाबाला अलीकडच्या दाबानं भागून येणारं गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली आलं, तर अडथळा गंभीर धरतात. तार न घालता, नुसत्या सीटी स्कॅनवरून हेच गुणोत्तर गणितानं काढणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. स्कॅनमधून वाहिनीचा आकार काढायचा आणि प्रवाहाची समीकरणं सोडवायची, हे काम तुमच्या मुलीच्याच विद्येचं आहे.

कस लागतो तो सेगमेंटेशनमध्ये, म्हणजे स्कॅनच्या शेकडो कापांवर वाहिनीची कड आखण्यात. काम किचकट आहे आणि त्रिज्येत पाच टक्के चुकलं, तर प्रवाहाचं उत्तर वीस टक्क्यांनी हलतं. हे तिला आवडतं का, ते आधी पाहा. थ्रीडी स्लायसर आणि सिमव्हॅस्क्युलर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. येत्या सुट्टीत एकाच महाधमनीचं मॉडेल तिनं शेवटपर्यंत न्यावं.

पुढे गेट, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेश परीक्षा. बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर २०२० पासून आहे, पण बऱ्याच ठिकाणी मेकॅनिकलचाही चालतो. त्या वर्षीचं माहितीपत्रक तेवढं वाचा. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभाग आहे. माझा ओढा मात्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेकडे. तिथे रुग्णालय आणि इंजिनिअर एकाच संस्थेत आहेत. हृदयाची भारतीय बनावटीची झडप तिथेच घडली, १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली.

पैशांची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणारच. पीएचडीसाठी जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) ही शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. कॅम्पसच्या पगाराशी तुलना करताना हे धरा. पीएचडीला पाच वर्षं लागू शकतात, हेही धरा.

मिरज तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मॉडेल झालं, की एखाद्या रेडिओलॉजिस्टांची वेळ घेऊन ते त्यांच्यापुढे ठेवायला सांगा, आणि कड कुठे चुकली ते विचारू द्या. तुम्हीही सोबत जा.